आवक क्रमांक दोनशे चौदा

१

सभा कार्यालयातले एक पत्र नाहीसे झाल्याचे बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी उघडकीला आले. वेळ मी नक्की सांगू शकते, कारण वेळा टिपणे हेच माझे काम आहे.

अकरा वर्षे बंद पडलेले अणुवीज केंद्र पुन्हा सुरू करायचे की नाही, यावर शनिवारी अकरा वाजता नगरसभागृहात जाहीर सभा होणार होती. ज्याला जे म्हणायचे असेल ते त्याने आधी लेखी कळवावे, असे जाहीर झाले होते आणि गावाने ते फारच मनावर घेतले होते. दोनशे एकतीस पत्रे आली. प्रत्येकावर शिक्का, प्रत्येकाला आवक क्रमांक, आवक वहीत प्रत्येकाची एका ओळीत नोंद, आणि सभेच्या दिवशी सगळी पत्रे समितीपुढे हजर. एक जरी कमी भरले तरी सभा रद्द, असा नियम होता. नियम करणाऱ्याला बहुधा सभा नकोच असाव्यात.

कमी भरले ते दोनशे चौदा.

ही सगळी उस्तवार एकटीने करणारी आमची आवकबाई नऊ वर्षे कंत्राटावर होती. तिला कायम करण्याची फाईल सभाप्रमुखांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. तिने पत्रांचा गठ्ठा तीनदा मोजला, कपाटाखाली वाकून पाहिले, मग खुर्चीत बसली आणि हातातला शिक्का उगाच खालीवर करत राहिली.

सभाप्रमुख आवाज चढवत नाहीत. चष्मा पुसतात आणि ‘माझा नाइलाज आहे’ म्हणतात. हे ते इतक्यांदा म्हणतात की कार्यालयात त्यांचे नावच नाइलाजसाहेब पडले आहे. त्या सकाळी चष्मा पुसत त्यांनी सांगितले की शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पत्र मिळाले नाही, तर अहवालात हलगर्जीपणा असा शब्द लिहावा लागेल. तो शब्द लिहिला की कायम करण्याची फाईल बंद आणि सोमवारपासून आवकबाईही घरी.

मग ते माझ्याकडे वळले. मी सभांची इतिवृत्ते लिहिते. कोण काय बोलले, काय ठरले, किती वाजता उठले. तीस वर्षे हेच करते आहे, म्हणून लोक मला टिपणबाई म्हणतात. ते म्हणाले, “तुम्ही बाहेरच्या. शिवाय तुम्हाला कोणी घाबरत नाही. जरा विचारपूस करा.”

मला नाही म्हणता आले असते. पण आवकबाईने त्याच वेळी मान वर करून पाहिले, आणि मला तिची खरोखरच दया आली. मी वही उघडायला सांगितली.

नोंद अशी होती: ‘२१४. निनावी. तीन नंबरची झडप आपण बदललेली नाही. सभेत सगळे सांगून टाकू.’

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा वाचले आणि म्हणाले, “ही तर धमकी आहे.”

२

आवकबाईला मी मागच्या खोलीत नेऊन बसवले. चहा पुढे केला. तो तिने घेतला नाही.

पत्र मंगळवारी साडेअकराच्या टपालात आले होते. एरवी ती पत्र पूर्ण वाचून आपल्या शब्दांत सार लिहायची. त्या दिवशी घाई होती, म्हणून तिने पत्रातलेच पहिले आणि शेवटचे वाक्य जसेच्या तसे उतरवले. सही म्हणजे नुसता एक फराटा होता, म्हणून निनावी. पाकिटावर कार्यालयाचा पत्ता असला की फोडायचे आणि नोंदवायचे, असा तिचा शिरस्ता. या पाकिटावर पत्त्याच्या वर आणखी काही खरडलेले होते खरे, पण तिने ‘सभा कार्यालय’ एवढेच पाहिले आणि फोडले. पाकीट पत्राच्या मागे टाचले होते, तेही त्याच्याबरोबर गेले.

आणखी काही आठवते का, असे मी विचारले. ती म्हणाली की सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ होते आणि मध्ये काहीतरी गुडघ्यांचे होते.

“गुडघ्यांचं काय?”

“नीट वाचलं नाही. गुडघे फोडू वगैरे असेल. धमकीच होती ना ती.”

सप्रेम नमस्कार करून गुडघे फोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण तसे मी तिला बोलले नाही. दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या.

कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला. ही गुप्त जागा अख्ख्या इमारतीला ठाऊक होती. मंगळवारी एक ते दोन आवकबाई इथेच मागच्या खोलीत जेवत होती; कपाट बराच वेळ एकटे राहिले ते तेवढ्यातच. त्या तासात कार्यालयात चौघे येऊन गेले. केंद्राचा जनसंपर्क अधिकारी आला होता, त्याला गावात गोडगोळी म्हणतात. विरोध समितीच्या डॉक्टरीणबाई सतरा पत्रांचा गठ्ठा देऊन गेल्या. साहेबांची तर ये-जा चालूच होती. चौथे कर्णेकाका, सभेचे माइक आणि कर्णे लावणारे. ते दाराशी वायर ठोकत होते.

ते आत्ताही तिथेच होते. एका उपड्या खोक्यावर बसलेले, डावा पाय सरळ पुढे पसरलेला, तोंडात दोन खिळे. केंद्र बंद पडण्याआधी ते तिथेच फिटर होते. त्यात विशेष काही नाही, निम्मे गाव तिथे कामाला होते. नंतर कोणी रिक्षा घेतली, कोणी दुकान टाकले, यांनी कर्णे घेतले. त्यांना एकाच गोष्टीचा राग यायचा, माइकपुढे उभे राहून ‘हॅलो हॅलो, एक दोन तीन’ म्हणणाऱ्यांचा. “माइक म्हणजे काय बहिरा आहे?” असे ते मला तेवढ्यातही ऐकवून गेले.

मी पत्रांचा गठ्ठा तपासला. तो जाड नाडीने बांधलेला होता. मंगळवारी दुपारी डॉक्टरीणबाईंची सतरा पत्रे आवकबाईने वरून ओवली, तेव्हा खालची मोजली नव्हती. इतर एकही पत्र पुढेमागे झालेले नव्हते, दुमडलेले नव्हते. चोराने शोधाशोध केलीच नव्हती. त्याने नेमके दोनशे चौदा काढून नाडी पुन्हा बांधली होती.

म्हणजे त्याला नंबर ठाऊक होता. पत्र साडेअकराला आले, दोनच्या आत गेले. मधल्या अडीच तासांत तू हे कोणाला सांगितलेस, असे मी विचारले.

“कोणालाच नाही. वही माझ्या हातातच होती. आईशप्पथ.”

ती खोटे बोलत नव्हती. आणि तरीही चोराला कळले होते.

३

गोडगोळी मला त्याच्याच खोलीत भेटला. भिंतीवर केंद्राचे छायाचित्र होते, त्यातले गवत खऱ्या गवतापेक्षा हिरवे होते. मी नोंद दाखवली. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू जरा कमी झाले, पण गेले नाही.

त्याच्या मते पत्र केंद्रालाच उद्देशून होते. ‘आपण’ म्हणजे तुम्ही, केंद्रवाले, झडप बदललेली नाही, असा आरोप. आरोप खोटा आहे हे त्याने कागदावरून दाखवले. बंद होण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात तीन नंबरची झडप बदलल्याची नोंद होती आणि खाली दोन सह्या होत्या, दोन्ही नुसते फराटे, नाव न लागणारे. एकट्याचे काम तिथे धरतच नसत, फिटर नेहमी जोडीने जायचे आणि दोघांच्या सह्या लागायच्या.

“दोन सह्यांशिवाय आमच्याकडे झाडूसुद्धा बदलत नाही, बाई.”

“मग आता सुरू करण्याआधी ती उघडून बघणार ना?”

तो अडखळला. ज्या झडपा तेव्हा नव्या बसवल्या, त्या तपासणीच्या यादीतून वगळल्या आहेत, असे त्याने सांगितले. कागदावर नवी, म्हणजे नवी. मग त्याने स्वतःहूनच पुढचा मुद्दा काढला की पत्र हरवल्याने नुकसान त्यांचेच आहे, कारण लोक म्हणणार केंद्रवाल्यांनीच गिळले. यात तथ्य होते. गोड बोलणारा माणूस प्रत्येक वेळी खोटाच असतो असे नाही.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात दोन रोग्यांच्या मधल्या वेळेत बोलल्या. त्यांनी नोंद वाचली आणि माझ्याकडे रोखून पाहिले.

“तुम्ही इतिवृत्त लिहिता ना? मी उभी राहून म्हणाले की ‘मी चूक केली’, तर तुम्ही काय लिहाल?”

मी म्हणाले, “आपण चूक केली, असे डॉक्टरांनी सांगितले.”

“झालं तर. ‘आपण’ म्हणजे लिहिणारा स्वतः. हा आरोप नाही, हा कबुलीजबाब आहे. मला हे पत्र शनिवारी माइकवरून वाचायला मिळालं असतं तर मी आठवडाभर उपाशी राहिले असते. मी ते चोरीन कशाला?”

त्यांचेही खरे होते. आणि इतिवृत्ताची रीत त्यांनी बरोबर पकडली होती. तीस वर्षे मी लोकांच्या तोंडचे ‘मी’ काढून तिथे ‘आपण’ घालते आहे. पण आवकबाईने सार लिहिलेच नव्हते, वाक्य उतरवले होते. तेव्हा ही रीत इथे लागू पडत नव्हती.

राहिले साहेब. त्यांना मी सहज विचारले की आवक वही आणायची आहे, कोणत्या रंगाची आहे. त्यांनी निळी सांगितली. ती लाल आहे. सकाळी उघडी वही पाहिली तेवढीच, त्याआधी त्यांनी ती कधी हातात घेतलेलीच नव्हती.

घरी जाताना मी तो एकच शब्द तोंडात घोळवत होते. आपण म्हणजे तुम्ही. आपण म्हणजे तो स्वतः. वाण्याकडे गर्दी होती. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणाला, “उद्या या, मग आपण बघू.” मी जागच्या जागी थांबले. तिसरा अर्थ मी रोज वापरते आणि तोच विसरले होते.

४

आपण म्हणजे तू आणि मी. झडप दोघांनी बदलायची होती, सह्याही दोघांच्या होत्या. पत्र जोडीतल्या एकाने दुसऱ्याला लिहिले असेल, तर ते कार्यालयाचे नव्हतेच. पाकिटावर ‘सभा कार्यालय’च्या वर जे खरडलेले होते, ते त्या दुसऱ्याचे नाव असणार आणि खाली कार्यालयाचा पत्ता फक्त पोचवण्यापुरता.

हे सगळे डोक्यात छान जुळत होते. पण दुसरा कोण, आणि पत्र आल्याचे त्याला कळले कसे, याचे उत्तर त्यात नव्हते.

गुरुवारी दुपारी सभागृहात चारशे खुर्च्या मांडायचे काम चालू होते. केंद्र हवे म्हणणारे डावीकडे आणि नको म्हणणारे उजवीकडे, अशी गोडगोळीची सूचना होती. डॉक्टरीणबाईंना नेमके उलटे हवे होते. साहेबांचा नाइलाज झाल्यामुळे शेवटी मधली वाटच काढून टाकली. मी व्यासपीठाजवळ माझे टेबल कुठे ठेवायचे ते पाहत होते. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाकडून कर्णेकाकांनी हात केला.

“बाई, माइकसमोर जरा बोला.”

मी म्हणाले, “हॅलो.”

“हॅलो नको. एक दोन तीन सगळ्यांचं सारखंच येतं. त्यात काही कळत नाही. हातात असेल ते वाचा, नेहमीच्या आवाजात.”

माझ्या हातात वही होती. मी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचू लागले. मला माझा आवाज फक्त माझ्यापुरता ऐकू येत होता, कारण कर्णे अजून भिंतीला टांगलेले नव्हते. खुर्च्या मांडणारे आपापसात बोलत होते, त्यांना माझा एक शब्द कळत नव्हता. लांब टोकाला काका मात्र कानाला हेडफोन लावून खोक्यावर बसले होते आणि मान डोलवत होते. मी वाचता वाचता एक आकडा चुकले, तर त्यांनी तिथूनच बोटाने नाही अशी खूण केली.

मी वही मिटली आणि तडक आवकबाईकडे गेले.

“मंगळवारी माइकवर तू वाचलंस?”

“हो. साडेबाराला काकांनी बोलावलं होतं.”

“काय वाचलंस?”

“हातात होतं ते. आवक वही.” तिने वही पुढे ओढली. “शेवटचं पान.”

शेवटच्या पानावर त्या वेळी शेवटची नोंद दोनशे चौदा होती. ती तिने कोणाला सांगितली नव्हती हे खरेच. तिने ती नुसती वाचली होती, रिकाम्या सभागृहात, बंद कर्ण्यांपुढे. ऐकणारा जगात एकच माणूस होता.

मला उपडे खोके आठवले, आणि सरळ पुढे पसरलेला डावा पाय. पत्रात गुडघे फोडायचे नव्हते कोणाला. गुडघ्याची चौकशी केलेली होती.

५

शुक्रवारी चार वाजता कर्णेकाका शेवटचा कर्णा टांगून खाली उतरले. शिडीच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होते. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“काका, गुडघा कसा आहे?”

“आहे तसाच.”

“पत्रात विचारलंय, म्हणून विचारलं.”

त्यांनी हातातली वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळून झाली तेव्हा खोक्यावर बसले आणि सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मागे पाकीट टाचलेले होते. त्यावर काकांचे नाव, मग ‘द्वारा’, मग सभा कार्यालय.

“माझ्या नावाचं आहे. आपलं पत्र आपण घेतलं तर ती चोरी होते का?”

ते मी ठरवायचे नाही, असे मी म्हणाले. पण त्यावर शिक्का बसला आहे, आणि आज पाच वाजता एका बाईची नोकरी जाणार आहे. हे त्यांना ठाऊक नव्हते. दोनशे पत्रांतले एक गेले तर कोणाला कळणार, असे त्यांना वाटले होते. ते एकदम खजील झाले.

मग त्यांनी सगळे सांगितले. पत्र लिहिणारा त्यांचा केंद्रातला जोडीदार. एकोणीस वर्षे दोघे एका पान्यावर काम करत होते, एकमेकांना अरे-तुरे करत होते. नंतर काकांची मुलगी जोडीदाराच्या मुलाला दिली आणि दोघे व्याही झाले. त्या दिवसापासून जोडीदार ‘आपण यावं, आपण बसावं’ असे बोलू लागला. भांडण काही नव्हते, पण मैत्री आखडून बसली. गेल्या वर्षी त्याच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाजच गेला. आता तो सगळे लिहून दाखवतो.

झडपेचे खरे होते. नवी झडप येणार होती, ती आलीच नाही. केंद्र बंद होणार हे जाहीर झाले होते. वरचा म्हणाला सह्या करा, दोघांनी केल्या.

“बंद करायच्या घराचं गंजकं कुलूप कोण बदलत बसतं, बाई? ते पुन्हा उघडेल असं स्वप्नातही नव्हतं.” ते खाली पाहू लागले. “आता सगळी गल्ली कामावर जायला निघालीय. मी तोंड उघडलं तर त्यांच्या चुलीवर पाणी ओतणारा मीच. आणि हा मला म्हणतो, आपण बदलली नाही. मी एकट्यानं! सभेत सांगून टाकू म्हणतो. व्याह्यानं व्याह्याला अशी धमकी द्यावी?”

“पूर्ण वाचलंत?”

“त्या बाईच्या आवाजात कानात शिरलं ना, तेच घुमत राहिलं. नंतर कागद उघडला, पहिली ओळ दिसली, मिटला.”

मी कागद मागून घेतला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात वाचला.

‘सप्रेम नमस्कार. तीन नंबरची झडप आपण बदललेली नाही. अकरा वर्षे मी हे कोणाला बोललो नाही आणि आता बोलायला गळा राहिला नाही. घरच्या पत्त्यावर लिहिले तर विहीणबाई आधी वाचतील, म्हणून तुम्हाला सभेच्या पत्त्यावर लिहितो. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का? तुम्ही शिडीवर चढू नका. पहिल्या तारखेपासून आपला पोरगा त्याच खोलीत कामाला लागणार आहे. घरी सर्वांना नमस्कार. सभेत सगळे सांगून टाकू.’

“काका, ते तुम्हाला या पत्रात काय म्हणतात? तुम्हाला लिहितो. तुमच्या गुडघ्याला. तुम्ही चढू नका. तीन वेळा तुम्ही. तुम्हाला ‘आपण’ म्हणायचं असतं तर गुडघासुद्धा ‘आपला’ झाला असता.”

मी कागद त्यांच्यापुढे धरला.

“मग ती झडप कोणी बदलली नाही म्हणतात ते?”

“आम्ही दोघांनी,” काका हळूच म्हणाले.

“आणि पोरगा? मुलगा तर त्यांचा. ‘माझा’ का नाही लिहिलं?”

“जावई माझा.” त्यांनी कागद हिसकावल्यासारखा घेतला आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. “त्याच खोलीत? त्या झडपेपाशी? मला तर कचेरीत लागलाय म्हणून सांगितलं होतं.”

त्यांचे बोट त्या ओळीवरून निघेना. सभागृहातल्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

“सांगून टाकू म्हणतो. त्याला तर बोलता येत नाही.”

“म्हणून तर ‘टाकतो’ लिहिलं नाही,” मी म्हणाले.

त्यांनी पत्र पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवले, भिंतीला धरून उठले आणि मागच्या दाराने निघून गेले.

६

पाचला एक मिनिट कमी असताना साहेबांनी पेनाचे टोपण काढले. आवकबाई समोर उभी होती. तिने टेबल आवरून शिक्का, शाईचा डबा आणि लाल वही एका रांगेत ठेवली होती. मी नाव सांगू शकले असते. पण मघाशी त्या माणसाचे बोट मी पाहिले होते, आणि आणखी एक मिनिट थांबायचे ठरवले. ते माझे चुकले असते तर मी स्वतःला माफ केले नसते.

साहेब म्हणाले, “माझा नाइलाज आहे.”

दारावर टकटक झाली. कर्णेकाका आत आले, धापा टाकत. मागच्या दाराने बाहेर पडून त्यांनी जावयाच्या फोनवर व्याह्यासाठी चारच शब्द पाठवले होते: उद्या अकराला सभेला या. हे मला नंतर कळले. त्यांनी पत्र आवकबाईच्या हातात दिले.

“हे माझंच आहे. पण आवक केलंय ना? मग राहू द्या.”

साहेबांनी चष्मा पुसला. दुसऱ्याचे पत्र फोडले म्हणून आवकबाईला बोलायचे, की शिक्का बसलेले पत्र नेले म्हणून काकांना, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी मला विचारले की नोंद काय करायची. मी सांगितले, ‘पत्र संबंधितांकडून मिळाले’ असे लिहा. त्यांनी लिहिले. हलगर्जीपणा हा शब्द लिहावा लागला नाही, आणि पेन उघडेच होते म्हणून मी शेजारची फाईल पुढे सरकवली. त्यांनी तीवरही सही केली.

शनिवारी अकराला सभागृह भरले. गोडगोळी छान बोलला. डॉक्टरीणबाई त्याहून छान बोलल्या. दोन्ही बाजूंनी टाळ्या झाल्या आणि कोणाचेही मत बदलले नाही. मी पाने भरत होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी कर्णेकाकांनी हेडफोन काढून खोक्यावर ठेवले आणि ते व्यासपीठाकडे चालू लागले. पायऱ्या तीनच होत्या, पण त्यांना वेळ लागला. अध्यक्षांनी यादी पाहिली आणि म्हणाले की यांचे पत्र दिसत नाही, बोलता येणार नाही.

“आहे,” आवकबाई जागेवरूनच म्हणाली. “दोनशे चौदा.”

काका माइकपुढे उभे राहिले. इतकी वर्षे त्यांनी सगळ्या गावाचा आवाज ऐकला होता, गावाने त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी हॅलो म्हटले नाही.

“तीन नंबरची झडप आपण बदललेली नाही,” ते म्हणाले.

सभागृहात गलका झाला. त्यांच्याच गल्लीतल्या रांगेतून एकजण उठून ओरडला, “आपण म्हणजे कोण?”

काकांनी चौथ्या रांगेकडे पाहिले. तिथे गळ्याला रुमाल गुंडाळलेला एक म्हातारा उठून उभा राहिला होता. शेजारचा तरुण त्याचा हात धरून खाली बसवू पाहत होता, आणि तो बसत नव्हता. त्याला काही बोलता आले नाही. त्याने नुसता हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. काकांनी माइक धरलेला हात तसाच ठेवून दुसरा वर केला.

गलका थांबायला बराच वेळ लागला. त्यानंतर तीन नंबरची झडप उघडून पाहिल्याशिवाय केंद्राबाबत काहीही ठरवू नये, असे ठरले. त्या गल्लीतले कितीतरी लोक काकांकडे न पाहता बाहेर पडले. काकांनी ते पाहिले, आणि दोघे व्याही मिळून वायर गुंडाळू लागले. “सावकाश, गाठ पडतेय बघ,” काका म्हणाले, आणि व्याह्याने त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला.

मी इतिवृत्त पुरे करायला बसले. लोकांचे ‘मी’ काढून ‘आपण’ घालत त्या ओळीशी आले, आणि तिच्यात मला काहीच बदलावे लागले नाही. मी लिहिले: ‘तीन नंबरची झडप आपण बदललेली नाही, असे त्यांनी सांगितले.’